खारे पाणी, केशरी कण आणि ‘नैसर्गिक’ या शब्दाची किंमत

१/
ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पोर्ट ग्रेगरी नावाचे एक लहानसे गाव आहे. त्याच्या शेजारी हट लगून हे उथळ, खारे सरोवर पसरले आहे. ऋतू आणि ढग बदलतील तसे त्याचे पाणी फिकट गुलाबीपासून गडद तांबड्यापर्यंत रंग बदलते. पर्यटक छायाचित्रे काढतात आणि पुढच्या ठिकाणाकडे निघतात. सरोवराच्या एका अंगाला मात्र बांध घालून आखलेले विस्तीर्ण तलाव दिसतात. दुरून ते मिठागरासारखे भासतात, परंतु ते मिठासाठी बांधलेले नाहीत. १९८० च्या दशकात तेथे एका एकपेशीय शैवालाची शेती सुरू झाली. शेतीचे पीक होते बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजराला केशरी करणारे रंगद्रव्य.

२/
ही शेती सुरू झाली तेव्हा हेच द्रव्य रासायनिक कारखान्यांत तयार होऊन तीन दशके लोटली होती. कारखान्यातील माल शुद्ध होता, मुबलक होता आणि स्वस्तही होता. मग ओसाड सरोवराकाठी शेकडो हेक्टर पाणी अडवून तेच द्रव्य पुन्हा निसर्गाकडून मागण्याची गरज कोणाला आणि का वाटली? या धाग्यात त्याचा मागोवा घेऊ. हा मागोवा फ्रान्समधील मिठागरांपासून फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपर्यंत जातो.

३/
आरंभ दक्षिण फ्रान्समध्ये होतो. भूमध्य समुद्राकाठच्या मिठागरांत पाणी आटत येऊन मीठ धरू लागले की ते लाल होते, हे मीठ पिकवणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. हा लाल रंग येतो कुठून, यावर १८३० च्या दशकात फ्रेंच विद्वानांत चांगलाच वाद जुंपला. तेथील पाण्यात आर्टेमिया नावाचा कोळंबीसारखा इवलासा जीव वळवळत असे आणि तोही तांबूस दिसे. तेव्हा रंग त्याचाच, असे एका पक्षाचे म्हणणे होते.

४/
माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ मिशेल फेलिक्स द्युनाल याने १८३८ मध्ये वेगळे उत्तर दिले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याला लाल गोलसर कण दिसले आणि रंग त्यांचा, म्हणजे एका शैवालाचा, असे त्याने मांडले. दोनच वर्षांनी निकोला जोली याने आर्टेमियाच्या तांबूसपणाचाही उलगडा केला: तो जीव हे लाल कण खातो म्हणून लाल दिसतो. चोर समजून ज्याला धरले तो केवळ जेवायला आलेला पाहुणा निघाला.

५/
येथे एक दुरुस्ती नोंदवणे न्याय्य ठरेल. मिठागराच्या लालीचे सारे श्रेय द्युनालच्या शैवालाला देणेही पूर्णतः बरोबर नाही. अतिक्षारीय पाण्यात राहणारे आर्किया गटातील सूक्ष्मजीव स्वतःच लाल असतात आणि पुष्कळदा डोळ्यांना दिसणारी लाली प्रामुख्याने त्यांची असते. शैवालाचे रंगद्रव्य पेशीच्या आत लहान थेंबांत दाटून बसलेले असल्यामुळे ते पाण्याला त्या मानाने कमी रंग देते. मुंबई-उरणच्या किंवा गोव्याच्या मिठागरांत उन्हाळा चढल्यावर वाफ्यांच्या पाण्याला तांबूस झाक आलेली ज्यांनी पाहिली असेल, त्यांनी या साऱ्या मंडळींना अभावितपणे पाहिलेलेच आहे.

६/
शैवालाला रीतसर नाव मिळण्यास १९०५ साल उजाडले. बुखारेस्टच्या एमानोइल तेओदोरेस्कू याने रुमानियातील खाऱ्या सरोवरातील नमुन्यांवरून नवी प्रजाती स्थापन केली आणि द्युनालच्या स्मरणार्थ तिला ‘द्युनालिएला’ हे नाव दिले. त्याच वर्षी क्लारा हाम्बुर्गर या जर्मन संशोधिकेनेही सार्डिनियातील काल्यारीच्या मिठागरांतील याच जीवाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले होते. नावाचा मान तेओदोरेस्कूकडे गेला. हाम्बुर्गरचे नाव आज तज्ज्ञांच्या लेखांबाहेर क्वचितच भेटते.

७/
या जीवाची एक शरीररचना पुढील सर्व हकिकतीसाठी ध्यानात ठेवावी लागेल. द्युनालिएलाला टणक पेशीभित्तिका नसते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी ही पेशी दोन कशाभिका हलवत पोहते आणि तिच्याभोवती असते ते फक्त लवचीक पटल. असा उघडा जीव जवळजवळ संपृक्त मिठाच्या पाण्यात जगतो तरी कसा? मिठाने त्याच्यातील पाणी शोषून घेऊन त्याची लोणच्यातील फोड करून टाकायला हवी होती.

८/
दरम्यान कॅरोटीनची कथा निराळ्या वाटेने चालली होती. १८३१ मध्ये वाकेनरोडर याने गाजरातून ते वेगळे काढले. १९३० च्या सुमारास दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. थॉमस मूर याने कॅरोटीनचे शरीरात अ जीवनसत्त्व होते हे दाखवले आणि पाउल कॅरर याने त्याच्या रेणूची रचना उलगडली. कॅररला १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी प्रयोगशाळेत बीटा-कॅरोटीन बनवले आणि १९५४ पासून रोश या स्विस कंपनीने त्याचे कारखान्यातून उत्पादन सुरू केले. मार्गारीनला लोण्यासारखा पिवळेपणा आणणारे द्रव्य आता पिंपांनी मिळू लागले.

९/
म्हणजे ज्या क्षणी शैवालातून हे द्रव्य काढण्याचा विचार व्यावहारिक होऊ शकला असता, त्याच क्षणी तो अनावश्यक ठरला होता.

१०/
त्या काळात शैवालांकडे पाहण्याची दृष्टीही वेगळीच होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची लोकसंख्या अन्नाला मागे टाकणार या धास्तीतून क्लोरेला या हिरव्या सूक्ष्मशैवालावर मोठ्या आशा खिळल्या. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या पुढाकाराने १९५१ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज येथे एका इमारतीच्या छतावर प्लास्टिकच्या नळ्यांत क्लोरेला वाढवण्याचा पथदर्शी प्रयोग झाला. जपानमध्ये हिरोशी तामिया याच्या नेतृत्वाखाली असेच काम चालले होते. १९५३ मध्ये या सर्व प्रयत्नांचा एकत्रित ग्रंथ कार्नेगी संस्थेने काढला आणि तो पुढील अनेक वर्षे या क्षेत्राचा पायाग्रंथ राहिला.

११/
भुकेल्यांचे अन्न मात्र त्यातून निर्माण झाले नाही. शैवाल भराभर वाढते, पण वाढते ते पाण्यात विरळ पसरून. एका लिटरमध्ये कोरड्या वजनाने ग्रॅमभरसुद्धा मिळण्याची मारामार. किलोभर भुकटी हवी तर हजार लिटरहून अधिक पाणी ढवळा, गाळा, फिरवा आणि उरलेला लगदा वाळवा. त्यावर क्लोरेलाची भित्तिका इतकी चिवट की ती फोडल्याशिवाय आतील ऐवज नीट पचत नाही. गव्हाच्या किंवा सोयाबीनच्या भावाने हे कोणाला परवडणार? पुढे जपान आणि तैवानमध्ये क्लोरेला आरोग्यवर्धक गोळ्यांच्या रूपाने विकले जाऊ लागले. गरिबांच्या ताटासाठी आखलेली वस्तू सधनांच्या औषधाच्या कपाटात जाऊन बसली. सूक्ष्मशैवालांच्या उद्योगाने यातून घेतलेला धडा कोरडा होता: पाणी काढण्याचा खर्च भरून निघेल इतके महाग काहीतरी पेशीत असले पाहिजे.

१२/
असे काहीतरी द्युनालिएलात आहे, हे प्रथम ठामपणे मांडले ते सोव्हिएत युक्रेनमध्ये. कीव्ह येथील वनस्पतिशास्त्र संस्थेतील नीना मास्यूक यांनी १९६० च्या दशकात द्युनालिएला सलिना हे कॅरोटीनचे स्रोत म्हणून सुचवले. तेथे अर्ध-औद्योगिक प्रमाणावर लागवडीचे प्रयोगही झाले. १९७३ मध्ये मास्यूक यांचा या प्रजातीवरील सविस्तर प्रबंधग्रंथ आला. पाश्चात्त्य लेखांत हा उद्योग पुष्कळदा इस्राएल आणि ऑस्ट्रेलियापासून सुरू झाल्यासारखा सांगितला जातो. ते कालक्रमाला धरून नाही.

१३/
त्याच १९७३ मध्ये इस्राएलमधील रेहोवोत येथील वाइझमन संस्थेत अमी बेन-आमोत्झ आणि मोर्देखाई आव्रोन या दोघांनी सातव्या भागातील कोड्यावर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. द्युनालिएलाच्या पेशीत ग्लिसरॉल मुबलक असते, हे त्याआधी १९६४ मध्ये कॅनडातील क्रेगी आणि मॅक्‌लॅक्लन यांना आढळले होते. ते तेथे काय करते हे आता उलगडले. बाहेर मीठ वाढले की पेशी आत ग्लिसरॉल वाढवते आणि बाहेरची ओढ आतल्या ओढीने तोलते. मीठ उतरले की ग्लिसरॉलही उतरते. भित्तिका नसणे ही उणीव होती खरी, पण तिच्यावरचा उतारा पेशी स्वतःच घडवत होती.

१४/
१९७३ च्या अखेरीस तेलाच्या किमती भडकल्या. वाळवंट, समुद्राचे पाणी आणि ऊन यांखेरीज काही न मागणारा, उलट ग्लिसरॉल देणारा जीव त्या वातावरणात कोणाला मोह घालणार नाही? ग्लिसरॉल, त्यासोबत कॅरोटीन आणि उरलेल्या चोथ्याचे पशुखाद्य, असा तिहेरी बेत आखला गेला. हिशोब मांडल्यावर ग्लिसरॉल गळाले. साबणाच्या कारखान्यांतून उपउत्पादन म्हणून निघणारे ग्लिसरॉल फार स्वस्त होते. चोथ्याच्या भावाने तर पंपांची वीजही सुटली नसती. उरले कॅरोटीन.

१५/
बेन-आमोत्झ यांच्या गटाने यासाठी वापरलेला वाण उत्तर सिनाईतील बारदाविल खाजणाजवळच्या खाऱ्या डबक्यातून आणलेला होता आणि म्हणून त्याला द्युनालिएला बारदाविल म्हटले गेले. १९६७ च्या युद्धापासून सिनाई इस्राएलच्या ताब्यात होते. या वाणातील कॅरोटीनच्या थेंबांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध झाला १९८२ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सिनाईचा उरलेला जवळजवळ सर्व भाग इजिप्तला परत मिळाला. वाण मात्र प्रयोगशाळेतच राहिला. जैवसंपत्ती ज्या भूमीची त्या देशाचा तिच्यावर हक्क, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय करारात उतरण्यास त्यानंतर आणखी दहा वर्षे जायची होती.

१६/
त्या थेंबांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण उद्योगाचे सारे मर्म तेथे आहे.

सुखात असलेली द्युनालिएला हिरवी असते. तिच्यावर कडक ऊन, जास्त मीठ आणि नायट्रोजनची उपासमार असे तिहेरी संकट आले की ती विभाजन थांबवते आणि हरितलवकात केशरी थेंब साठवू लागते. हे थेंब हरितद्रव्यापुढे पडद्यासारखे पसरून अतिरिक्त प्रकाश झेलतात. अनुकूल वाण असेल तर कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक भाग बीटा-कॅरोटीनचा होऊ शकतो. ताज्या गाजरात हे प्रमाण शंभर ग्रॅममागे काही मिलिग्रॅम इतकेच असते.

१७/
अर्थात येथेच पेच आहे. ज्या परिस्थितीत शैवाल वाढते तीत ते रंग धरत नाही आणि ज्या परिस्थितीत रंग धरते तीत वाढत नाही. इस्राएलमध्ये लाल समुद्राकाठी एलात येथे १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानी मालकीचा जो प्रकल्प उभा राहिला, त्याच्या पद्धतीत दोन टप्पे होते: आधी पोषण देऊन हिरवी वाढ करायची, मग पोषण तोडून ती लाल होऊ द्यायची. सुमारे वीस सेंटिमीटर खोल, धावपट्टीसारख्या लांबट हौदांत वल्ह्यांची चाके पाणी फिरवत ठेवत.

१८/
ऑस्ट्रेलियाने उलट मार्ग धरला. सिडनीजवळ डी व्हाय येथे रोश कंपनीने सागरी औषधद्रव्यांसाठी एक संशोधन संस्था चालवली होती आणि ती १९८१ मध्ये बंद केली. तेथे द्युनालिएलावर काम केलेल्या मायकेल आणि लेस्ली बोरोविट्झ्का या दांपत्याचे संशोधन पुढेही चालू राहिले. १९८६ च्या सुमारास हट लगून येथे वेस्टर्न बायोटेक्नॉलॉजी आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील व्हायला येथे बीटाटीन या कंपन्यांचे उत्पादन सुरू झाले. जमीन अफाट आणि ऊन फुकट. म्हणून चाके नाहीत, दोन टप्पे नाहीत. फक्त मोठे उथळ तलाव, वाऱ्याने होईल तेवढी ढवळाढवळ आणि मिठाच्या प्रमाणावर सतत नजर. मीठ कमी झाले तर शैवाल खाणारे आदिजीव माजतात, फार वाढले तर वाढ खुंटते. या दोन्हींमधली अरुंद वाट सांभाळणे हेच तेथील शेतकऱ्याचे कौशल्य.

१९/
आता काढणी. तिचा अंदाज यावा म्हणून एक साधा हिशोब करून पाहू. समजा लिटरमागे ०.२ ग्रॅम शैवाल आहे आणि त्यात ५ टक्के कॅरोटीन आहे. म्हणजे हजार लिटर पाण्यातून २०० ग्रॅम शैवाल आणि १० ग्रॅम कॅरोटीन. एक किलो कॅरोटीनसाठी एक लाख लिटर खारे पाणी हाताळावे लागेल, आणि तेही लोखंड खाऊन टाकणारे.

२०/
पेशी तळाशी बसतील म्हणावे तर दाट मिठाच्या पाण्यात त्या तरंगत राहतात. गाळणी लावली तर भित्तिका नसलेली पेशी दबून आरपार निसटते किंवा जाळी बुजवते. अपकेंद्री यंत्राच्या वेगाने ती फाटते आणि कॅरोटीन पाण्याबरोबर वाहून जाते. फिटकरीसारख्या क्षारांनी गोळे बांधता येतात, पण मग ते क्षार मालातून काढायचे कसे हा नवा प्रश्न. त्यामुळे ज्या कंपन्यांना ही काढणी साधली त्यांनी आपली युक्ती पेटंटांच्या आणि मौनाच्या कुंपणात ठेवली. या उद्योगाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा टप्पा सर्वांत कमी लिहिला गेला आहे तो याच कारणाने.

२१/
एकदा पेशी हाती आली की पुढचे काम मात्र इतर शैवालांच्या मानाने सोपे. लाल अस्टाझॅन्थिन देणाऱ्या हिमॅटोकॉकसच्या जाड कवचाच्या पेशी यंत्रात अक्षरशः दळाव्या लागतात. द्युनालिएलाला गोड्या पाण्यात सोडले की ती फुगून फुटते. कॅरोटीन स्निग्धात विरघळते, म्हणून गरम वनस्पती तेलाने ते ओढून घेता येते. सेंद्रिय द्रावकांनी आणि उच्च दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडनेही हे साधते. परंतु ‘फक्त खाद्यतेल वापरले’ असे सांगता येणे हा विक्रीच्या दृष्टीने निराळाच लाभ होता. ऑस्ट्रेलियाचा माल प्रामुख्याने तेलातील दाट विटकरी द्रवाच्या रूपात बाहेर पडे. एलातचा माल शैवालाच्या वाळवलेल्या भुकटीच्या रूपात जपानच्या बाजारात जाई. दोन्हींना हवा आणि प्रकाश वर्ज्य, कारण जो रेणू जिवंतपणी पेशीला उन्हापासून वाचवतो तो पेशी मेल्यावर स्वतः उन्हात टिकत नाही.

२२/
एवढा सायास करून निघालेला माल कारखान्यातील कॅरोटीनपेक्षा महाग असणारच. तो घेणार कोण? याचे उत्तर १९८१ च्या ‘नेचर’मधील एका लेखात आहे.

रिचर्ड पीटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नार्थक शीर्षकाखाली एक शक्यता तपासली होती: आहारातील बीटा-कॅरोटीनमुळे माणसांतील कर्करोगाचे प्रमाण खरोखर घटू शकेल काय? भाजी-फळे जास्त खाणाऱ्यांत आणि रक्तात कॅरोटीन जास्त असणाऱ्यांत काही कर्करोग कमी दिसत होते. लेखकांचा सूर सावध होता आणि चाचण्यांखेरीज निष्कर्ष काढू नये असे त्यांचे म्हणणे होते. डॉल म्हणजे धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध प्रस्थापित करणाऱ्यांपैकी एक. तेव्हा या प्रश्नाला वजन होते. बाजाराने प्रश्नचिन्ह तेवढे वगळून वाचले.

२३/
पाच वर्षांत दोन ऑस्ट्रेलियन तलावशेती उभ्या राहिल्या. दुकानांत कॅरोटीनच्या गोळ्या आल्या आणि त्यांतही ‘नैसर्गिक’ अशी चिठ्ठी असलेल्यांना चढा भाव मिळू लागला. वस्तुतः रेणू तोच होता. फरक होता तो त्याच्या ठेवणीत. कारखान्यातील कॅरोटीन जवळजवळ सर्वस्वी सरळ साखळीच्या, ‘ऑल-ट्रान्स’ रूपाचे असते. द्युनालिएलात त्याच्या जोडीला, अनेकदा जवळपास तितक्याच प्रमाणात, एका जागी वाकलेले ‘९-सिस’ रूप असते. शैवालवाल्यांचा सारा दावा त्या एका वाकण्यावर उभा होता.

२४/
पीटो-डॉल यांनी मागितलेल्या चाचण्या सुरू झाल्या. फिनलंडमध्ये ५० ते ६९ वयाचे, धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष निवडले गेले. त्यांच्यापैकी काहींना वर्षानुवर्षे रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन देण्यात आले. निकाल एप्रिल १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नव्हता. तो १८ टक्क्यांनी वाढला होता. एकूण मृत्यूही ८ टक्क्यांनी अधिक होते.

२५/
प्रथम अनेकांनी हा योगायोग मानला. अमेरिकेत १८,३१४ जणांवर दुसरी चाचणी चालू होती. त्यांत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार होते. त्यांना रोज ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि सोबत अ जीवनसत्त्व मिळत होते. जानेवारी १९९६ मध्ये ही चाचणी नियोजित मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक आढळले होते. अमेरिकेतीलच २२,०७१ पुरुष डॉक्टरांवरील तिसऱ्या चाचणीत सुमारे बारा वर्षांनंतर ना लाभ दिसला ना हानी. त्या गटात धूम्रपान करणारे थोडे होते.

२६/
आकडेवारीच्या मागे माणसे होती हे येथे विसरता येत नाही. कर्करोग टळेल या आशेने स्वेच्छेने गोळी घेणाऱ्यांपैकी काही जण त्या गोळीमुळे लवकर गेले असावेत. फिनलंडच्याच चाचणीत आणखी एक गोष्ट दिसली. आरंभी ज्यांच्या रक्तात आहारातून आलेले कॅरोटीन जास्त होते त्यांना कर्करोगाचा धोका कमी होता. म्हणजे १९८१ चे निरीक्षण खोटे नव्हते. कॅरोटीन हे भाजी खाणाऱ्या माणसाचे लक्षण होते. लक्षण बाटलीत भरून दिल्याने माणूस भाजी खाणारा होत नाही.

२७/
शैवालवाल्यांनी लगेच एक मुद्दा पुढे केला: चाचण्यांत वापरलेले कॅरोटीन कृत्रिम होते, त्यात ९-सिस नव्हते, तेव्हा दोष नैसर्गिक कॅरोटीनला लागू नये. मुद्दा तर्काला सोडून नाही. बेन-आमोत्झ यांच्या गटाने दोन रूपांच्या वर्तनातील फरकांवर बरेच लिहिलेही आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. माणसाने ९-सिस रूप खाल्ले तरी रक्तात ते फार थोडे सापडते. शरीर सरळ रूपच प्राधान्याने पुढे पाठवते. आणि मुख्य गोष्ट अशी की, शैवालातील कॅरोटीन धूम्रपान करणाऱ्यांना देऊन तितकी मोठी चाचणी कधी झालीच नाही. १९९६ नंतर कोणत्या नैतिक समितीने तिला परवानगी दिली असती? ज्या दाव्याची परीक्षा घेणेच अशक्य होऊन बसले, तो दावा खोडला गेला नाही म्हणून विकला जात राहिला. व्यापाराच्या दृष्टीने यापेक्षा सोयीची स्थिती नाही.

२८/
९-सिस रूपाचा वैद्यकीय शोध पूर्ण थांबला असे मात्र नाही. डोळ्यातील दृष्टिद्रव्य घडताना ९-सिस आणि ११-सिस रूपांचा संबंध येतो. म्हणून २०१० च्या सुमारास इस्राएलमध्ये दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक विकारांवर द्युनालिएलाची भुकटी देऊन पाहिली गेली आणि मोजक्या रुग्णांत सुधारणा नोंदली गेली. या चाचण्या लहान होत्या. तरी ‘नैसर्गिक म्हणून चांगले’ या ढोबळ घोषणेपेक्षा हा प्रश्न कितीतरी नेमका होता.

२९/
तलावांचे पुढे काय झाले? ते बुजले नाहीत. कर्करोगाची आशा मावळली तरी रंगाची गरज उरली होती. शैवालातील कॅरोटीनला युरोपात खाद्यरंग म्हणून स्वतंत्र क्रमांक आहे: ई १६०अ (चार). कृत्रिम बीटा-कॅरोटीनचा क्रमांक ई १६०अ (एक). सरबते, चीज, मार्गारीन, कोळंबीचे खाद्य अशा ठिकाणी तो जातो. २०१२ मध्ये युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने खाद्यरंग आणि पूरक गोळ्यांतून येणारे बीटा-कॅरोटीन दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आत राहिले तर चिंतेचे कारण नाही असे मत दिले. फिनलंडमधील रोजची मात्रा २० होती.

३०/
मालकीचा प्रवासही मोठा बोलका आहे. हट लगून आणि व्हायला येथील दोन्ही शेती कालांतराने एका छत्राखाली येऊन जर्मनीच्या हेंकेल समूहाकडे गेल्या. हेंकेलने आपला रसायन-व्यवसाय कॉग्निस या नावाने वेगळा काढला आणि नंतर तो विकला. डिसेंबर २०१० मध्ये कॉग्निस ज्या कंपनीने घेतली ती होती बीएएसएफ. ही कंपनी दशकानुदशके कृत्रिम बीटा-कॅरोटीनच्या जगातील प्रमुख उत्पादकांपैकी एक होती. त्या दिवसापासून ई १६०अ (एक) आणि ई १६०अ (चार) एकाच विक्रेत्याच्या दरपत्रकात, दोन वेगळ्या भावांनी, शेजारी शेजारी छापता येऊ लागले.